शंभरी गाठली तर माझं कोण करणार?

मी समुपदेशक. आयुष्य वाढवणाऱ्या औषधाची बातमी झळकली की आठवडाभरात तो विषय माझ्यासमोर येतोच. तरुण विचारतात, "मला मिळेल ना?" साठी ओलांडलेले धास्तावून विचारतात, "मलाही देतील का?"

बासष्टीच्या एक बाई अशाच आल्या. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करून नुकत्याच मोकळ्या झालेल्या, पण झोप उडालेली.

"माझंही असंच वीस-तीस वर्षं लांबलं तर? मुलांवर भार झालेला मला चालणारच नाही."

आधी बातमीतली हवा काढली. 2009 साली रॅपामायसिन या औषधाने उंदरांचं आयुष्य वाढलेलं दिसलं, हे खरं. पण माणसांना ते अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात. माणसाचं आयुर्मान वाढवतं असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. 1997 मध्ये 122व्या वर्षी वारलेल्या फ्रान्सच्या झान कालमाँ यांचा विक्रमही अबाधित आहे. शिवाय अनेक संशोधकांचा भर दुखणाईत वर्षं कमी करण्यावर आहे. बाईंनी मान डोलावली. भीती तसूभर हलली नाही. (नुसत्या माहितीने भीती जात असती तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं.)

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे त्रासदायक भावनेमागचा अविवेकी हट्ट शोधणारी. 'भार होऊ नये' ही इच्छा. 'कधीच होता कामा नये' हा हट्ट, आणि भीती पोसली जाते ती हट्टावर. म्हणून विचारलं, "तुम्हाला आई भार वाटली?"

"छे!" बराच वेळ त्या रुमालाची घडी घालत, मोडत राहिल्या. "पोटात नळी घालायची का, हे डॉक्टर मला विचारत होते. आई बोलती होती तेव्हा तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा."

गाठ इथे होती. त्यांना छळत होते ते आईच्या वतीने अंदाजाने घेतलेले निर्णय. दीर्घायुष्यावर आलेला राग मुळात त्या अंदाजांचा होता. हे धागे जुळताना दिसले की या कामाचं सार्थक वाटतं.

तुमचीही हीच धास्ती असेल, तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे धडधाकट असतानाच लिहा. त्याला कायद्याचा आधार कसा मिळेल, ते वकिलाला विचारा. जाहिरातीतल्या गोळ्यांपेक्षा पायांची ताकद टिकवणारा व्यायाम धरा. उद्या खरंच औषध आलं, तरी चालतं-फिरतं शरीर लागेलच. मुलं पहिल्यांदा "अभद्र बोलू नकोस" म्हणून उठून जातील. बाईंचा मुलगाही गेला. मुलीने मात्र कागद वाचला आणि दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढून परत दिला.