मुलीच्या गणितासाठी एसआयपी थांबवायची का?

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे, मुलगा पहिलीत. मुलगी वाचनात पुढे आहे, पण गणिताचा पेपर म्हटलं की तिला रडू फुटतं. बाई म्हणतात, "बेसिक कच्चं आहे." माझी स्वतःची गणिताची धास्ती अजून गेलेली नाही, त्यामुळे गृहपाठाला बसलो की आमची दोघींची भांडणं ठरलेली. एक छोट्या गटाची शिकवणी पाहिली आहे. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास. आठ मुलांच्या गटाची फी आमच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५ टक्के आहे, चार मुलांच्या गटाची ७ टक्के. वर्षाची फी एकरकमी भरली तर १० टक्के सवलत. जाऊबाईंची दोन्ही मुलं तिथे जातात, म्हणून आपलीही दोघं आठच्या गटात घालू, असं मिस्टरांचं म्हणणं आहे. हातात येणारं उत्पन्न १०० धरलं तर घरखर्च ७४, कर्जाचा हप्ता १२, मुलीच्या उच्च शिक्षणासाठी एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक गुंतवणूक) ८ आणि शिल्लक ६. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे. या वर्षीची फी त्यातून भरायची आणि दोन वर्षं एसआयपी थांबवायची, असा विचार आहे. बरोबर आहे का?

उत्तर: आधी निर्णय सांगतो. मुलीला शिकवणी लावा, मुलाला आत्ता नको. चारचा गट घ्या, फी महिन्याच्या महिन्याला भरा आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचार करा. एसआयपी चालू राहू दे. बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावू नका.

मिस्टरांना १० टक्के सवलत मोठी वाटत असेल, तर त्यांचं चुकलेलं नाही. १२ महिन्यांच्या फीऐवजी आज १०.८ महिन्यांची फी भरायची, याचा अर्थ आगाऊ दिलेल्या पैशांवर महिन्याला जवळपास २ टक्के परतावा मिळाला. एवढा परतावा देणारी सुरक्षित योजना मला कुणालाच दाखवता येणार नाही. पण तो मिळण्यासाठी मूल वर्षभर तिथे टिकायला हवं. सहा महिन्यांनी शिकवणी सोडली तर काय होतं ते बघा. महिन्याच्या महिन्याला भरली असती तर सहा महिन्यांची फी गेली असती, एकरकमी भरल्यामुळे १०.८ महिन्यांची गेली. म्हणजे वर्ष पूर्ण झालं तर फायदा १.२ महिन्यांचा आणि अर्ध्यावर सुटलं तर तोटा ४.८ महिन्यांचा, फायद्याच्या चौपट. मूल वर्षभर जाईल अशी ८० टक्क्यांहून जास्त खात्री असेल तरच हा सौदा परवडतो. आठ वर्षांच्या मुलीबद्दल, जिने अजून तिथे एक तासही काढलेला नाही, अशी खात्री कोण देणार?

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. शिकवणी खरंच लागू पडली तर मुलीला ती सहा महिन्यांत लागेनाशी व्हायला हवी. वर्षाचे पैसे आधीच भरलेले असले की काम झालं तरी आपण तिला पाठवत राहतो, कारण "पैसे भरलेत ना". आणि काम होत नसलं तरी त्याच कारणासाठी पाठवत राहतो. शिकवणी घेणाऱ्यांना मी यात दोष देत नाही. त्यांनाही जागेचं भाडं भरायचं असतं, शिक्षकांचे पगार द्यायचे असतात, आणि आगाऊ रकमेने ते सोपं जातं. पण त्यांची सोय तुमच्या अडीअडचणीच्या पैशांतून कशाला? शिवाय शिकवणी मध्येच बंद पडली तर भरलेली फी परत मिळवताना काय दमछाक होते, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.

त्या पैशांचाच हिशेब करू. दोन मुलांची आठच्या गटातली वर्षाची फी १२०, सवलतीनंतर १०८. म्हणजे तुमच्या एका महिन्याच्या पूर्ण उत्पन्नाहून जास्त. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ८६ लागतात, म्हणून बाजूला १७२ आहेत. त्यातून १०८ गेले की उरले ६४. महिनाभराचाही खर्च भागणार नाही. उद्या पगार थांबला किंवा घरात आजारपण आलं तर चौथ्या आठवड्यात उसनवारी सुरू होईल, आणि तेव्हा शिकवणीही आपोआप सुटेल. "शून्य व्याजाचे हप्ते" असा पर्याय समोर ठेवला गेला तर एवढंच विचारा: हप्त्याने भरली तरी १० टक्के सवलत मिळेल का? नाही म्हणाले, तर ती सवलत म्हणजेच तुम्ही भरणार असलेलं व्याज.

आता गट. आठ मुलं, साठ मिनिटं: तुमच्या मुलीच्या वाट्याला शिक्षकाची साडेसात मिनिटं. चार मुलं असतील तर पंधरा. तीन महिन्यांत साधारण २४ तास शिकवणी होईल. आठच्या गटात त्यातले तीन तास तिचे, चारच्या गटात सहा. फी अनुक्रमे १५ आणि २१. म्हणजे तिच्याकडे लक्ष दिलेल्या एका तासाची किंमत आठच्या गटात ५ पडते, चारच्या गटात ३.५. महाग दिसणारा गट प्रत्यक्षात स्वस्त आहे. हा भागाकार ढोबळ आहे हे मान्य. दुसऱ्याची चूक सुधारली जाताना ऐकूनही मुलं शिकतात. पण आठ जणांना फळ्यावर एकच उदाहरण समजावलं जाणार असेल, तर ती शाळेचीच दुसरी पाळी झाली. ब्रिटनमधल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने अशा शिकवण्यांवरचं संशोधन एकत्र करून पाहिलं आहे. त्यांच्या हिशेबात एकास एक शिकवणीमुळे सरासरी पाच महिन्यांची जादा प्रगती दिसते आणि दोन ते पाच मुलांच्या छोट्या गटात चार महिन्यांची. सहा-सात मुलांच्या पुढे गट गेला की परिणाम लक्षात येण्याइतका घटतो. म्हणजे एकास एकसाठी जीव टाकायची गरज नाही, पण आठचा गट नको. गट चारचाच राहील, मध्येच सहाचा होणार नाही, हे लेखी घ्या.

त्याच संस्थेचं आणखी एक निरीक्षण तुमच्या उपयोगाचं आहे. एकास एक शिकवणीत सर्वात चांगला परिणाम दिसतो तो छोट्या, वारंवार होणाऱ्या तासिकांचा: अर्धा तास, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, साधारण दहा आठवड्यांपर्यंत. वर्षानुवर्षं नाही. तेव्हा दोन तासांऐवजी अर्ध्या तासाचे चार दिवस जमतील का, हे विचारून बघा. कदाचित नाही म्हणतील, आणि ने-आण वाढेल हेही खरं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे काय कच्चं आहे ते शोधणं. "बेसिक कच्चं" यावरून कुणालाही काही शिकवता येत नाही. तिला ५२ वजा २७ करायला द्या. उत्तर ३५ आलं, तर तिने दोन्हीकडे मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: सातातून दोन, पाचातून दोन. ही या वयातली अगदी नेहमीची चूक आहे. एकक-दशकाची कल्पना पक्की नसते, म्हणून हातचा घेणं हा नुसता मंत्र होऊन बसतो. उत्तर २५ आलं, पण बोटं मोजत दोन मिनिटं लागली, तर दुखणं वेगळं: समज आहे, सराव नाही. आणि हीच वजाबाकी शाब्दिक उदाहरणात घातल्यावर गोंधळ होत असेल तर तिसरंच. पहिल्यासाठी दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन शिकवणारं माणूस हवं. दुसऱ्यासाठी रोज दहा मिनिटांचा तोंडी सराव पुरतो, त्याला फी लागत नाही. नुसत्या छापील कागदांच्या गठ्ठ्यांवर चालणाऱ्या शिकवण्या दुसऱ्या दुखण्यावर ठीक असतात, पहिल्यावर फारशा नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्यांना सांगा की तिची वीस उदाहरणं तपासा आणि ती नेमकी कुठे अडते ते मला सांगा. जे हे करायला तयार नसतील, त्यांच्याकडे जाऊबाईंची मुलं जातात एवढ्या कारणावर जाऊ नका.

तुमच्या धास्तीबद्दल तुम्ही संकोचून लिहिलं आहे, पण शिकवणीच्या बाजूचं सर्वात भक्कम कारण तेच आहे. २०१५ मध्ये सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकात पहिली-दुसरीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गणिताची भीती असलेले पालक वारंवार गृहपाठात मदत करत होते, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. अशाच पालकांनी गृहपाठात फारशी मदत केली नाही, तिथे हा परिणाम दिसला नाही. म्हणून गणिताचा गृहपाठ काही महिने दुसऱ्याच्या हाती सोपवणं यात आईपणाला कमीपणा काही नाही. फीच्या बदल्यात संध्याकाळची भांडणं थांबली, तर ती किंमत माझ्या हिशेबात धरायला मी तयार आहे.

मुलगा मात्र पहिलीत आहे आणि त्याची काही तक्रार तुमच्या पत्रात नाही. त्याला जिना चढायच्या आधी कुबड्या कशाला? शिकवण्यांवरच्या ९६ प्रयोगांचा एकत्रित आढावा निकाऊ, ओरेओपोलोस आणि क्वान या संशोधकांनी २०२० मध्ये घेतला. त्यात लहान इयत्तांमध्ये वाचनाच्या शिकवणीचा परिणाम जास्त दिसला आणि गणिताच्या शिकवणीचा थोड्या वरच्या इयत्तांमध्ये. त्याच्यासाठी फासे, पत्ते, जिन्याच्या पायऱ्या मोजणं पुरे. हे तुम्हीही करू शकता. खेळताना कुणी मार्क देत नाही, त्यामुळे धास्तीही येत नाही.

एसआयपीचं गणित करून मग थांबतो. महिन्याला ८ भाग, दोन वर्षं थांबवले, म्हणजे १९२ भाग गुंतवायचे राहिले. वर्षाला १० टक्के परतावा धरला (ही हमी नाही, हिशेबापुरतं गृहीत आहे), तर मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा, दहा वर्षांनी, जमा रकमेत सुमारे ४५५ भागांची तूट दिसेल. तुमच्या आजच्या साडेचार महिन्यांच्या उत्पन्नाएवढी. महागाईमुळे तेव्हा त्याची खरेदीची ताकद कमी असेल हे खरं, पण कॉलेजची फीही तेव्हा आजची नसेल. आणि माझा अनुभव असा की दोन वर्षांसाठी थांबवलेली एसआयपी तिसऱ्या वर्षी आपणहून सुरू होत नाही.

मी सांगतो त्या रस्त्याने महिन्याला ७ भाग लागतात आणि तुमच्याकडे शिल्लक आहे ६. एक भाग घरखर्चातून काढा. अगदीच जमलं नाही तर शिकवणी चालू असेपर्यंत एसआयपी ८ ची ७ करा. सहा महिने असं केलं तर त्याच गृहीतावर दहा वर्षांनी फरक सुमारे १५ भागांचा पडेल. ४५५ च्या तुलनेत तो सोसता येतो. प्रवेश फी, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा असेल तर तो आधी विचारून याच हिशेबात धरा. या महिन्यांत शिल्लक शून्यावर येईल, म्हणून दुसरा कुठलाही नवा हप्ता अंगावर घेऊ नका.

तीन महिन्यांनी आधीच्या वीस उदाहरणांसारखीच नवी वीस उदाहरणं द्या. ती शिकवणीत न सोडवता घरी सोडवू दे, आणि तपासायला शाळेच्या बाईंना द्या. जिने फी घेतली तिनेच निकाल द्यायचा, हे बरं नाही. वाढलेले सगळेच मार्क शिकवणीचे नसतात, शाळेतही ती शिकतेच आहे. त्यामुळे आधी जिथे अडत होती तीच जागा सुटली का, एवढंच बघा. सुटली असेल तर बंद करा. अर्धवट सुटली असेल तर आणखी तीन महिने. काहीच फरक नसेल तर त्याच शिकवणीत दुसरा गट शोधू नका, शिक्षक बदला.

शिकवणी थांबली की त्याच तारखेपासून ते ७ भाग बाजूच्या पैशांत टाकायला लागा, एसआयपी कमी केली असेल तर आधी ती पुन्हा ८ वर न्या. दोन महिन्यांचा खर्च तुमच्यासारख्या, कर्जाचा हप्ता चालू असलेल्या घराला कमी आहे. चार महिन्यांचा होईपर्यंत तिथेच जाऊ दे. मुलगा तिसरीत जाईल तेव्हा त्यालाही गरज लागली, तर हीच वीस उदाहरणं त्याच्यापुढे ठेवा आणि मला पुन्हा लिहा.