थिएटर गळतं म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, हे खरं असेल?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई (वय ७४) जुलैत न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. सरकारी इस्पितळात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं, सकाळपासून उपाशी ठेवलं आणि दुपारी सांगितलं, "थिएटरात पाणी गळतंय, आज नाही." मग रोज उद्या-उद्या. ऑपरेशन झालं पाचव्या दिवशी. तोवर पाठीला फोड आला होता. चार थेंबांसाठी पाच दिवस? की आमची ओळख नव्हती म्हणून?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, ओळखीपाळखी चालतात, नाही कशाला म्हणू? थिएटर सिस्टर म्हणून ३१ वर्षं काढली, तेही पाहिलं. पण गळतीचं कारण मला खोटं वाटत नाही.

असाच एक जुलै. रुग्णाला कमरेत इंजेक्शन देऊन झालेलं, पाय बधिर, स्वतः मात्र टक्क जागा. सर्जन हात धुऊन आलेले. मी सेट उघडला आणि हत्यारांच्या ट्रॉलीवर टप्पकन थेंब पडला. कोऱ्या चहाच्या रंगाचा. हिरव्या कापडावर तो पसरत गेला आणि आम्ही सगळे वर बघत राहिलो. रुग्ण विचारतोय, "सुरू झालं काय हो?" तो अख्खा सेट परत ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात गेला आणि रुग्णाला शेजारच्या थिएटरात हलवलं. तिथली केस त्या दिवशी रद्द.

तो रंग गंजाचा होता. आपल्याकडे गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारं वारं. स्लॅबला बारीक चीर गेली की पाणी सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला आतून फोडते, मग पोपडे सुटतात.

थेंब थांबला म्हणून लगेच थिएटर सुरू करता येत नाही. छताचं भिजलेलं जिप्सम बुरशी धरतं. ते उतरवताना धूळ उडते, तिच्यात बुरशीचे बीजाणू. मग सगळं पुसा, निर्जंतुक करा, स्वॅब लॅबला पाठवा. जिवाणूंच्या रिपोर्टला दोनेक दिवस, बुरशीच्या त्याहून जास्त. सासूबाईंच्या हाडात धातू बसवायचा होता. धातूवर जंतूंचा थर जमला तर औषध तिथवर नीट पोचत नाही, कधीकधी बसवलेलं काढावंही लागतं. म्हणून ज्याने त्या दिवशी "नाही" म्हटलं, त्याच्यावर मी रागावणार नाही.

राग आहे तो एप्रिल-मेवर. कौलं शाकारायची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं ते तेव्हा. जूनमध्ये ताडपत्री आणि बादली, दुसरं काय होणार? आमच्या वॉर्डात तर दोन खाटा भिंतीपासून कायमच्या सरकवलेल्या होत्या. नव्या सिस्टरला वाटायचं, मांडणीच तशी आहे.

हे फक्त आपल्याकडेच, असंही नाही. इंग्लंडात किंग्ज लिनच्या इस्पितळात हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचं छप्पर हजारो टेकूंवर तोलून धरावं लागलं. खाटांच्या मधून टेकू! तिथे नर्सिंग करणाऱ्या पोरींचं मला फार वाटतं.

पण तुमचं पाच दिवसांचं दुखणं खरं आहे. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं. म्हातारं माणूस उताणं पडून राहिलं की फोड येतो, छातीत कफ भरतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. दुसरं थिएटर मोकळं नव्हतं का, दुसऱ्या इस्पितळात पाठवता आलं असतं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

केसपेपरची प्रत मागून घ्या आणि ऑपरेशन ढकलल्याचं कारण काय लिहिलंय ते बघा. बहुतेकदा नुसतं 'पोस्टपोन्ड' असतं, छपराचा उल्लेखच नाही. मग वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज द्या, तारखा घाला, पोच घ्या. माहिती अधिकारात एकच विचारा : या गळतीबद्दल बांधकाम खात्याला इस्पितळाने शेवटचं पत्र कधी पाठवलं? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि पाठीचा फोड अजून सुकला नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला. त्यावर पावडर थापू नका, चोळू तर मुळीच नका. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून ड्रेसिंग करून घ्या.