मॉडेल रेल्वेच्या लोकोनेटला एकापेक्षा जास्त संगणक जोडता येतात का?

जोडता येतात. लोकोनेट म्हणजे डिजिट्रॅक्स कंपनीच्या मॉडेल रेल्वे सिस्टिममधली उपकरणं ज्या तारेवरून एकमेकांना संदेश देतात ती. तुम्ही विचारलंय की डिजिट्रॅक्सची सिस्टिम आहे, घरी तीन जुने लॅपटॉप पडून आहेत, तर तिन्हींवर जेएमआरआय (मॉडेल रेल्वे संगणकावरून चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून तिन्हींवरून लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, चालवावा का. जोडायला काहीच अडचण नाही. प्रत्येक लॅपटॉपला स्वतःचा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉप लोकोनेटला जोडणारी डबी) द्या, नाहीतर एकालाच द्या आणि बाकीचे घरच्या नेटवर्कवरून त्याला जोडा. पण तिन्हींवरून 'चालवायचं' म्हणत असाल तर माझा साफ विरोध आहे.

मी मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात सेक्शन कंट्रोलर होतो. कंट्रोलच्या टेलिफोनवर सेक्शनमधली सगळी स्टेशनं एकाच लाइनवर असतात. कोणताही स्टेशन मास्तर रिसीव्हर उचलून ऐकू शकतो, पण कुठली गाडी कुठे थांबवून कुठली पुढे काढायची हे कंट्रोलरच ठरवतो, आणि एका सेक्शनला एका वेळी कंट्रोलर एकच. ड्यूटी संपली की चार्ज द्यायचा आणि मगच खुर्ची सोडायची. लोकोनेटचं अगदी तसंच आहे. तारेवरचा प्रत्येक संदेश सगळ्यांना ऐकू जातो. फरक एवढाच, की इथे बोलायची मुभाही सगळ्यांना आहे.

निवृत्तीनंतर मुलाकडे ओहायोत आलो आणि इथल्या एका क्लबात जाऊ लागलो. एचओ स्केलचा (खऱ्याच्या 1/87 आकाराचा) मोठा लेआउट, सांध्यांना (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवतात त्या जागांना) सावकाश फिरणाऱ्या मोटरी, सिग्नल जेएमआरआयवर. तिथले एक सभासद सॉफ्टवेअरमधले. त्यांनी ठरवलं की तीन संगणक लावायचे, तिन्हींवर एकच पॅनेल फाइल (पडद्यावरचा लेआउटचा नकाशा), तिन्हींवर सगळं लॉजिक, म्हणजे सांधे-सिग्नल आपोआप बदलणारे नियम, चालू. एक बंद पडला तरी दोन आहेतच, हा त्यांचा युक्तिवाद. मी म्हटलं, एका सेक्शनला तीन कंट्रोलर नकोत. त्यावर मला ऐकवण्यात आलं की ही खरी रेल्वे नव्हे.

मग लोकांना लेआउट दाखवायचा शनिवार आला. कठड्याला पोरांची रांग लागलेली, आणि यार्डाच्या तोंडावरचा सांधा थांबेचना. इकडे सरकतो, अर्ध्यावरून तिकडे फिरतो, पुन्हा इकडे. मालगाडीचे पुढचे डबे मेन लाइनवर गेले, मागचे यार्डाकडे वळले, मधला आडवा पडला. आधी केबल बदलली, मग हुकूम वाचून सांधा फिरवणारा डिकोडर बदलला. सांधा फिरतोच आहे. मी तारेवरचे संदेश दाखवणारा लोकोनेट मॉनिटर उघडायला लावला. त्याच सांध्याला 'सरळ' आणि 'वळण' असे हुकूम एकामागोमाग एक जात होते. पाठवतंय कोण ते मात्र कळेना, कारण लोकोनेटवर सांध्याच्या हुकमात पाठवणाऱ्याची ओळखच नसते. शेवटी एका संगणकाच्या इंटरफेसची केबल उपसली आणि सांधा जागच्या जागी शांत झाला.

कारण नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडेही हेच होणार. मेन लाइन खुली आहे की बंद, ही नोंद पॅनेलमध्ये अंतर्गत सेन्सरवर ठेवलेली होती. अंतर्गत सेन्सर म्हणजे त्या एका संगणकाच्या मेमरीतली गोष्ट. ती लोकोनेटवर जात नाही, म्हणून शेजारच्या संगणकाला दिसत नाही. एका संगणकावर मेन लाइन खुली झाली, दुसऱ्याच्या लेखी ती बंदच राहिली. सांधा आपल्या मते चुकीचा दिसला की दुरुस्त करायचा, हा नियम दोघांकडेही होता. दोघंही आपापल्या माहितीप्रमाणे बरोबरच वागत होते. त्यातून निकाल लागायचा नाही. इंजिनांचंही तसंच. एकच इंजिन दोन थ्रॉटलवर (इंजिनाचा वेग आणि दिशा ठरवणाऱ्या कंट्रोलवर) घेतलं, तर शेवटचा हुकूम येईल तो खरा.

मला विचाराल तर असं करा. तिघांतला भरवशाचा लॅपटॉप मुख्य. इंटरफेस त्यालाच, सगळं लॉजिक आणि सिग्नल त्याच्यावरच. त्याचं स्लीप बंद करा. बाकी दोघांवर पॅनेल फक्त पाहायचं किंवा एखादा सांधा हाताने बदलायचा, तर जेएमआरआयचा वेब सर्व्हर चालू करा आणि ब्राउझरमध्ये 12080 पोर्टवर पॅनेल उघडा. अंतर्गत सेन्सरसुद्धा मुख्य संगणकाचेच दिसतात. फोनचे थ्रॉटल 12090 वर. दुसऱ्या लॅपटॉपवर पूर्ण जेएमआरआय हवंच असेल, डिकोडर प्रोग्रॅम करायला वगैरे, तर मुख्य संगणकावर लोकोनेट ओव्हर टीसीपीचा सर्व्हर (लोकोनेटचे संदेश घरच्या नेटवर्कवरून पोहोचवणारा) सुरू करून 1234 पोर्टवर जोडा. मात्र त्यावर लॉजिक असलेली पॅनेल फाइल उघडू नका.

काही गोष्टी राहिल्या. लोकोनेटची सहा तारांची केबल चुकूनही नेटवर्कच्या स्विचमध्ये खुपसू नका. आरजे 12 प्लग त्या भोकात बसतो, पण त्याच्या कडेच्या दोन तारांवर बूस्टरसाठीचा (रुळांना वीज पुरवणाऱ्या उपकरणासाठीचा) सिग्नल असतो, स्विचचं नुकसान होऊ शकतं. इंटरफेस घेताना ऑप्टो-आयसोलेटेड (संगणक आणि लोकोनेट विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा) मिळाला तर तोच घ्या. आणि वर लिहिलं ते जेएमआरआय आणि लोकोनेटपुरतं. एलसीसी (मॉडेल रेल्वेची दुसरी एक संदेश-यंत्रणा) असेल तर बरंचसं लॉजिक नोड्समध्येच, म्हणजे तारेवरच्या उपकरणांमध्येच, ठेवता येतं, तिथे हा प्रश्न असा उभा राहत नाही.

एक बंद पडला तर काय, हे तुम्हालाही कोणीतरी विचारेलच. तिसऱ्या लॅपटॉपवर पॅनेल फाइलची प्रत ठेवा, प्रत्येक बदलानंतर ती नवी करा, पण जेएमआरआय बंद ठेवा. मुख्य संगणक बसला की त्याचा इंटरफेस काढून याला लावा, फाइल उघडा, गाड्या कुठे आहेत ते डोळ्यांनी बघून घ्या आणि मग पुढची गाडी सोडा. चार्ज घेणं म्हणतात ते हेच. त्या सभासदांना मी हे दोनदा लिहून दिलं होतं. क्लबात आता एकच संगणक हुकूम देतो, आणि त्या शनिवारनंतर यार्डाच्या तोंडावर एकही डबा पडलेला नाही.