फवारणीचे पाणी आधी तपासा, मात्रा वाढवू नका

प्रश्न: आमच्या विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.३ आहे. डायमेथोएट हे कीटकनाशक लेबलप्रमाणे फवारूनही मावा हटत नाही. दुकानदार म्हणतो, मात्रा दुप्पट करा. करावी का?

उत्तर: नाही. औषध बहुधा टाकीतच मोडते आहे. सामू एका अंकाने वाढला की पाण्याचा विम्लपणा दहापट होतो, आणि डायमेथोएटसारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके अशा पाण्यात सहसा टिकत नाहीत. बुरशीनाशकांपैकी कॅप्टन तर ८ च्या पुढे काही मिनिटांत निकामी होते. मात्रा दुप्पट केली तरी मोडण्याचा वेग तोच राहतो. पाने करपतात आणि मालात अवशेष राहतात ते वेगळेच. मात्रा वाढवू नका.

‘पंपाला इतके ग्रॅम सायट्रिक अॅसिड टाका’ हा ठोक आकडाही दुकानातूनच येतो. तोही घेऊ नका. सामू खाली येऊ देत नाही ते पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार, आणि ते प्रत्येक विहिरीत वेगळे. सारख्या सामूच्या दोन पाण्यांना आम्ल कमीजास्त लागते. त्यापेक्षा बादलीत मोजून १० लिटर पाणी घ्या, चिमूट-चिमूट मोजत आम्ल टाका, ढवळा, सामूपट्टी बुडवा. ६ ते ६.५ आला की थांबा. तो आकडा तुमच्या विहिरीचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की चाचणी पुन्हा करा.

क्रम चुकवू नका: आधी पाण्याचा सामू, मग औषध, आणि लगेच फवारणी. सकाळी कालवलेले संध्याकाळी वापरू नका, रात्रभर तर मुळीच ठेवू नका.

ताम्रयुक्त बुरशीनाशकासाठी मात्र पाणी आम्ल करू नका. तांबे जास्त विरघळते आणि पीक भाजते. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात आम्ल घालायला सांगणाऱ्याचे तर ऐकूच नका.

जड पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम २,४-डी अमाईन मीठ या तणनाशकाला बांधून ठेवतात. तणनाशक आणखी ओतून हे सुटत नाही.

जमेल तिथे पावसाचे पाणी साठवून फवारणीला ठेवा. त्यात ना जडपणा, ना बायकार्बोनेट.

पट्टीवर सामू पाहत पाणी सुधारूनही मावा हटला नाही तर दोष पाण्याचा नाही. माव्यात औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली असेल, वेगळ्या प्रकारे काम करणाऱ्या गटातले औषध घ्या.

पाणी तपासणी शासकीय माती-पाणी प्रयोगशाळेत होते, शुल्क तिथेच विचारा. नमुन्याआधी मोटर थोडा वेळ चालू द्या, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरा. औषधाची रिकामी बाटली आणू नका.