ऑगस्टमध्ये लंडनला मोजके दिवस मिळाले, तर दोन संगीतिका आणि एक मैफल कशी बसवावी?

आपण प्रश्नात लिहिले आहे की, गुरुवारी दुपारी लंडनला उतरून सोमवारी सकाळी परतायचे आहे, संगीत नाटकांचे वेड लहानपणापासूनचे आहे आणि एवढ्या वेळात ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’, ‘ले मिझेराब्ल’ आणि प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवातली एक मैफल साधायची आहे. मी दोन वर्षांपूर्वी जवळजवळ याच बेताने गेले होते. तिन्ही गोष्टी धावपळ न करता होतात, मात्र त्यांचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो.

ऑगस्टमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथे संध्याकाळी साडेसातला पडदा उघडतो तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि प्रयोग संपेपर्यंत पहाटेचे तीन व्हायला येतात. मी उतरल्या दिवशीचेच ‘ले मिझेराब्ल’चे तिकीट काढून ठेवले होते. दुसऱ्या अंकात बॅरिकेडच्या, म्हणजे बंडखोरांनी रस्त्यात रचलेल्या अडथळ्याच्या, आडोशाला मुले झोपलेली असताना नायक ज्याँ व्हालज्याँ त्यांच्यातल्या एकाच्या जिवासाठी देवाची करुणा भाकतो, ते पद प्रत्यक्ष ऐकण्याची मी कित्येक वर्षे वाट पाहत होते, आणि त्याच पदाला मला झोप लागली. जाग आली ती टाळ्यांनी. त्याची हळहळ इतकी लागली की शनिवारी दुपारी मी तोच प्रयोग पुन्हा पाहिला. म्हणून गुरुवार मोकळा ठेवावा, शुक्रवारी दुपारी झोप काढून रात्री ‘फँटम’ पाहावे, शनिवारी ‘ले मिझेराब्ल’चा अडीचचा प्रयोग घ्यावा (आपल्या अंगात तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे नाटकाला जाण्याचीच वेळ) आणि प्रॉम्स रविवारसाठी राखून ठेवावे.

मुक्काम पिकाडिली या भुयारी रेल्वेमार्गावर, शक्यतो अर्ल्स कोर्ट किंवा साउथ केन्सिंग्टनजवळ करावा. हीथ्रो विमानतळ, नाटकांच्या भागातले पिकाडिली सर्कस आणि प्रॉम्स जिथे होतात त्या रॉयल अल्बर्ट हॉलसाठी उतरायचे साउथ केन्सिंग्टन ही सगळी स्थानके त्या एकाच मार्गावर आहेत. ठरवलेल्या दोन नाटकांची तिकिटे इथूनच काढावीत. लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएस या खिडकीवर सवलतीची तिकिटे मिळतात, पण तिथे नेमके हवे ते नाटक आणि हवी ती जागा मिळेलच असे नाही.

जागा निवडताना मात्र घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘फँटम’ १९८६ पासून हेमार्केटवरच्या एकाच नाट्यगृहात चालू आहे. त्याचे आजचे नाव हिज मॅजेस्टीज थिएटर. तिथे रॉयल सर्कलच्या, म्हणजे आपल्या भाषेत पहिल्या बाल्कनीच्या, पुढच्या रांगांत बसावे. झुंबर कोसळण्याचा प्रसंग तिथून उत्तम दिसतोच, पण रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसलेल्या वाद्यवृंदाचा संचालकही दिसतो. २०२१ मध्ये हा वाद्यवृंद २७ वादकांवरून १४ वर आणला गेला. ही कात्री मला मुळीच रुचली नाही, तरीही त्या चौदा जणांनी उभा केलेला नाद ऐकण्यासारखा आहे. ‘ले मिझेराब्ल’ शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवरच्या साँडहाइम थिएटरमध्ये होते. त्यात गद्य संवाद जवळपास नाहीत, सगळे गाण्यातूनच घडते, त्यामुळे कथानक आधी वाचून जावे. रंगमंचामागची दृश्ये मूळ कादंबरीचा लेखक व्हिक्टर ह्यूगो याने स्वतः काढलेल्या चित्रांवरून सुचलेली आहेत, तिकडेही लक्ष असू द्यावे.

तिथे मी स्टॉल्समध्ये, म्हणजे तळमजल्यावरच्या खुर्च्यांत, बसले होते. मध्यंतरात मागे वळून पाहिले, तर वरच्या मजल्याच्या कठड्यावर एक लहानसा स्क्रीन लावलेला होता. प्रयोग चालू असताना त्यावर संगीत संचालकाचे हात दिसत असतात, त्यामुळे नट प्रेक्षकांकडे पाहत गातो आहे असे आपल्याला वाटत असतानाच त्याला समही दिसत असते. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून आपली रीत अशी की, पद रंगले की वन्स मोअर येतो, गायकनट नवी जागा घेतो आणि ऑर्गन-तबला त्याच्यामागे जातात. तिथे एकही मात्रा वाढत नाही. पहिल्या दिवशी मला हे फार कोरडे वाटले होते. शनिवारी ते प्रार्थनेचे पद पूर्ण जागेपणी ऐकले. शेवटचा उंच स्वर अगदी हलक्या आवाजात लावून नट थांबला आणि सभागृहात कोणी हललेसुद्धा नाही, तेव्हा त्या मोजून दिलेल्या वेळातही किती मावते हे मला कळले.

मैफल शेवटी ठेवण्याचे खरे कारण कानांशी निगडित आहे. दोन्ही नाटकांत गायकांच्या कपाळाशी, केसांच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढे मायक्रोफोन असतात आणि आवाज ध्वनिक्षेपकांतून येतो. प्रॉम्सचा सिंफनी वाद्यवृंद मात्र साधारणपणे कोणत्याही ध्वनिक्षेपकाविना ऐकायला मिळतो. १८९५ मध्ये क्वीन्स हॉलमध्ये सुरू झालेल्या या मैफली, ते सभागृह १९४१ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाल्यावर अल्बर्ट हॉलमध्ये आल्या. हे सभागृह इतके मोठे की पूर्वी तिथला प्रतिध्वनी कुप्रसिद्ध होता. तो आवरण्यासाठी १९६९ मध्ये छताला लावलेल्या, अळंब्यांसारख्या दिसणाऱ्या तबकड्या आजही डोक्यावर लोंबताना दिसतात. खुर्चीचे तिकीट काढू नये. मधल्या अरीना भागात, वादकांच्या अगदी समोर, उभे राहून ऐकावे. मी त्यासाठी ८ पौंड दिले होते. त्या रात्री माहलर या संगीतकाराची दुसरी सिंफनी होती. तिच्या अखेरीस समूहगान शिगेला पोचते आणि तिथला ९,९९९ नळ्यांचा ऑर्गन सुरू होतो. तो मला आधी तळपायांना जाणवला, कानांवर नंतर आला. जमीनच सूर धरते आहे असे वाटले.

उभ्या जागांची ही तिकिटे त्याच दिवशी सकाळी प्रॉम्सच्या ऑनलाइन विक्रीत खुली होतात आणि लोकप्रिय मैफलींची लगेच संपतात, तेव्हा रविवारी सकाळी त्या वेळेला दुसरे काहीही ठरवू नका.