आधी मेलेल्या पेशी ओळखायला शीक

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. क्रिस्पर स्क्रीनिंग (एकेक जनुक बंद करून परिणाम बघणं) शिकू, सिंगल-सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीत कुठली जनुकं चालू आहेत ते वाचणं) शिकू की सरळ एआयकडे वळू, असा तुझा प्रश्न आहे. तिन्ही चांगलं आहे आणि तिन्ही तुला वर्षा-दीड वर्षात जमेल, म्हणून त्यावर मी फार शाई खर्च करत नाही. मला दुसरंच सांगायचंय.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला टी-पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, एक नवाच प्रकार सापडला होता. उंदराच्या ट्यूमरचे बारीक तुकडे केले, एन्झाइमने पेशी सुट्या केल्या, ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या रंगीत अँटिबॉडी लावल्या आणि सॅम्पल फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, चालवलं. पडद्यावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा झकास पुंजका! जे दोन मार्कर, म्हणजे ओळखीच्या खुणा, एका पेशीवर कधी दिसू नयेत, ते दोन्ही तिथे. चार वेळा प्रयोग केला, चारही वेळा पुंजका जागच्या जागी. मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा. मग लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनने मागून डोकावून एवढंच विचारलं, "डेड सेल डाय घातलास का?"

मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारा तो रंग मी घातला नव्हता. पाचव्या खेपेला घातला आणि माझा शोध जवळजवळ अख्खा मेलेल्या पेशींचा निघाला. मेलेली पेशी चिकट असते. समोर येईल ती अँटिबॉडी अंगाला लावून घेते आणि प्रत्येक रंगात चमकते. पुन्हा पुन्हा येतं म्हणजे खरं असतं, हा माझा समज त्या दिवशी गेला. चूकदेखील अगदी इमानेइतबारे पुन्हा पुन्हा येते.

सिंगल-सेलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडतं, फक्त चित्र जास्त देखणं असतं. ट्यूमर विरघळवायला आपण तो ३७ अंशांवर एन्झाइममध्ये ठेवतो. तेवढ्या वेळात पेशी बिथरतात आणि फॉस, जून यांसारखी ताणाला प्रतिसाद देणारी जनुकं चालू करतात. मग सारख्या पेशी जवळजवळ मांडणाऱ्या नकाशावर "सक्रिय" पेशींचं एक स्वतंत्र बेट उगवतं. ते ट्यूमरमध्ये होतं की तुझ्या वॉटर बाथमध्ये जन्मलं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. थोडं सॅम्पल थंड तापमानाला काम करणाऱ्या एन्झाइमने सुटं करून बघ, किंवा ऊतीच्या कापावर तोच मार्कर रंगवून बघ. कंटाळवाणं काम आहे. पण ते केल्याशिवाय तुझ्या बेटावर मी तरी पाय ठेवणार नाही.

तेव्हा कुठलंही साधन हातात घेतलंस की आधी विचार, याला काय दिसत नाही?

हा प्रश्न वेळेत न विचारल्याची किंमत माणसांनी मोजली आहे. मार्च २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ नावाची अँटिबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना पहिल्यांदा दिली गेली. डोस प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या हिश्शाइतका. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. सगळे वाचले, पण सायटोकाइनच्या, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेल्या संदेश-रेणूंच्या, वादळाने त्यांचे अवयव निकामी होऊ लागले होते. ही अँटिबॉडी टी-पेशींवरच्या सीडी२८ या रेणूला धरून त्यांना चालू करत होती. माणसाच्या स्मृती टी-पेशींवर तो रेणू असतो. चाचणीच्या माकडांमध्ये त्या जातीच्या पेशींवर तो नव्हताच. माकडं खोटं बोलली नाहीत, त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आधी नळीत माणसाच्या रक्तपेशींवरही काही विशेष दिसलं नव्हतं, कारण तिथे अँटिबॉडी द्रवात मोकळी तरंगत होती. तीच प्लेटच्या तळाला वाळवून चिकटवली, तेव्हा सायटोकाइन भरभरून बाहेर पडले. विचार कर, फरक फक्त वाळवण्याचा.

याचा पुढचा अंक मला अधिक आवडतो. लॅबमधले उंदीर इतक्या स्वच्छ वातावरणात वाढतात की त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीने जग पाहिलेलंच नसतं. २०१९ मध्ये एका गटाने लॅबच्या उंदरांचे भ्रूण रानटी उंदरिणींच्या पोटात वाढवले. आईचे जंतू घेऊन जन्मलेल्या त्या पिल्लांना सीडी२८ची तशीच अँटिबॉडी दिल्यावर, स्वच्छ उंदरांनी लपवलेला धोका त्यांच्यात दिसला. जनुकं तीच, घाण तेवढी नवी! तेरा वर्षं उशिरा, पण उत्तर मिळालं.

आता उलट बाजू. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीला कार-टी पेशी, म्हणजे कॅन्सरवर चालून जायला जनुकं बदललेल्या तिच्याच टी-पेशी, दिल्या. ताप उतरेना, ती व्हेंटिलेटरवर गेली. हा उपचार घडवणाऱ्या कार्ल जून यांच्या गटाने तिच्या रक्तातले सायटोकाइन मोजले, तर त्यातलं आयएल-६ आभाळाला टेकलेलं. आयएल-६ला अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध आहे, हे जून यांना घरच्या आजारपणामुळे ठाऊक होतं. ते दिलं आणि मुलगी सावरली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पहिल्या कार-टी उपचाराला मंजुरी दिली, त्याच दिवशी टोसिलिझुमॅबलाही या वादळासाठी दिली. इथे मोजणारं यंत्र नामी होतंच, पण तो आकडा बघून संधिवात आठवणारं डोकं कुठल्या किटमध्ये मिळत नाही. म्हणून म्हणते, आपल्या विषयाबाहेरचंही वाचत जा.

एआयबद्दल थोडक्यात. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीच्या निर्मात्यांना २०२४चं नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. प्रथिनाचा आकार ओळखायला जिथे वर्षं जायची, तिथे आता मिनिटं पुरतात. पण औषधं पडतात ती बहुतेकदा आकार न कळल्यामुळे नाही, तर निवडलेलं लक्ष्यच चुकल्यामुळे किंवा विषारी परिणामांमुळे. एपाकॅडोस्टॅट हे कॅन्सरसाठीचं औषध आठव. टी-पेशींना दाबणाऱ्या आयडीओ एन्झाइमला नीट अडवणारा रेणू, उंदरांत छान, सुरुवातीच्या चाचण्यांत आशादायक. २०१८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबला, म्हणजे टी-पेशींना कॅन्सरवर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधाला, त्याची जोड देऊन काहीही फायदा झाला नाही. पहिल्या चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

ऑर्गनॉइडवर, म्हणजे बशीत वाढवलेल्या इवल्याशा अवयवांवर, तुझा फार जीव दिसतो. असू दे. फक्त साध्या ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात आणि तू घातल्याशिवाय टी-पेशीही नसतात. त्यात इम्युनोथेरपी तपासायची तर आधी इम्यून पेशी घालाव्या लागतील, कुणाच्या आणि किती हे ठरवूनच.

आणि पेशींच्या कल्चरमध्ये चोरून वाढणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची टेस्ट दर महिन्याला. त्याच्या काही जाती माध्यमातलं, टी-पेशींना वाढायला लागणारं आर्जिनिन खाऊन टाकतात, टी-पेशी वाढायच्या थांबतात, आणि आपण म्हणतो की ट्यूमरने त्यांना दाबलं. मी लोकांना यावर सहा-सहा महिने घालवताना पाहिलंय.

नवीन लॅबमधल्या पहिल्या प्रयोगाचे प्लॉट मला पाठव. निवडून, सजवून नको. गेट लावण्याआधीचे, म्हणजे नको त्या पेशी गाळण्याआधीचे, मेलेल्या पेशींसकट. आणि डाय कुठला वापरलास तेही लिही.

तुझी,
मावशी