बँकेच्या फाइलवर दिवाळी टांगून ठेवू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सोलापुरी चादरीच्या कापडाची जॅकेटं आणि झोळ्या काढायच्या आहेत, ब्रँडचं नाव ठरलंय, सोलापुरात नव्या पेठेत गाळा बघून ठेवलाय, मालक डिपॉझिटसाठी मागे लागलाय आणि पीएमईजीपीच्या (नव्या उद्योगाला सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेच्या) कर्जाची फाइल श्रावणापासून शाखेत पडून आहे. साहेब दर वेळी "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात. आता फाइलची वाट बघावी की हातउसने घेऊन गाळा अडवावा, असं तुम्ही बहीणभावंडांनी विचारलंय. माझं मत विचाराल तर यातलं काहीच करू नका. का ते सांगते, जरा लांबेल.

उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्ट, चालू खातं हे सगळं झालंय असं धरते. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझं लहान मुलींच्या फ्रॉकचं छोटं युनिट आहे, अक्कलकोट रोडच्या बाजूला. सुरुवातीला मीही असंच अनुदानाचं कर्ज मागितलं होतं. शाखेचं नाव घेत नाही. गणपतीच्या आधी फाइल दिली. पोच मागितली तर "ऑनलाइन दिसतंय की, पोच कशाला" असं उत्तर. मग एकेक कागद सुरू झाला. आधी लाइट बिल. ते दिलं तर मशिनच्या कोटेशनवर जीएसटी नंबर हवा. तो आणला तर भाडेकरार नोंदणीकृत हवा. करार नोंदवून नेईपर्यंत कोटेशनची मुदत संपलेली. सगळे कागद पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय हरकत होती, हे मला आजही कळलेलं नाही. नवरात्रात साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी प्रोजेक्ट रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून मागितला. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा तुळशीची लग्नं उरकली होती.

व्याज, झेरॉक्स, हेलपाटे यांचं दुःख मला नाही. दिवाळीचं कापड पावसाळ्यातच धरावं लागतं, तेव्हा रंगही मिळतात आणि भावही. हातात पैसा नाही म्हणून उरलंसुरलं कापड उधारीवर, व्यापारी सांगेल त्या भावाने उचलावं लागलं. पूर्ण साइज सेट निघाला नाही. चाटी गल्लीतल्या ज्या दुकानदारांनी सॅम्पल बघून ऑर्डर बोलली होती, त्यांनी वाट बघून दुसरीकडून माल भरला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी मला दारात उभं केलं नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. दिवाळीत रिकामा रॅक कोण ठेवेल? ते संबंध पुन्हा जुळवायला कर्ज फेडण्यापेक्षा जास्त काळ गेला.

सगळ्यात जास्त राग याचा येतो की त्या शाखेत मला कुणी कधी "नाही" म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी पतसंस्थेत गेले असते किंवा निम्माच माल काढला असता. रोज "होतंय, होतंय" ऐकत राहिलं की माणूस दुसरी वाट शोधतच नाही. नव्या पोरापोरींचे धंदे भांडवल कमी म्हणून जितके बसतात, त्याहून जास्त या "होतंय"मुळे बसतात असं मला मनापासून वाटतं.

म्हणून उद्याच शाखेत लेखी अर्ज द्या: फाइल अमुक तारखेला दिली, कोणते कागद बाकी आहेत ते लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्ज अर्जाला पोच द्यावीच लागते, रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच तशा आहेत. निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हेही त्याच सूचनांत येतं. कुणी घराचे कागद मागितले तर ते लेखी मागायला सांगा. दाद लागली नाही तर आधी बँकेकडे तक्रार, 30 दिवस थांबून मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. लोकपाल कर्ज मंजूर करून देत नाही, तो निर्णय बँकेचाच. पण तक्रारीचा नंबर पडला की फाइल निदान टेबलावर येते. भांडू मात्र नका, त्याच माणसाकडे उद्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) मागायला जायचंय.

अजून एक गोष्ट, कारण तुमच्या हिशेबात अनुदानाची रक्कम कापडखरेदीला धरलेली दिसते. ते पैसे हातात येत नाहीत. कर्जवाटपानंतर बँक ते मागवते आणि तुमच्या नावाने 3 वर्षं ठेवीत अडकवून ठेवते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही हा फायदा. 3 वर्षांनी, युनिटची पाहणी झाल्यावर, ते कर्जात वळतं होतं. तुमच्या वाट्याचे 10 टक्के (महिला आणि इतर विशेष गटांना 5) आधी घालायचे ते वेगळेच. मशिनसाठी योजना चांगली आहे, मी आजही घ्या म्हणेन. पण कपड्याच्या धंद्यात पैसा अडकतो तो कापडात, शिलाईत आणि परत आलेल्या पार्सलांत. त्याची सोय या फाइलबाहेर करून ठेवा.

आता गाळा. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. चादरीचं जॅकेट सोलापुरात किती दिवस अंगावर राहील? थंडी म्हणजे गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या) आगेमागे काय ती, बाकी वर्षभर आपण पंख्याखाली. शिवाय ज्या चादरी घरात गादीवर बघत मोठे झालो त्या अंगात घालायला इथलं गिऱ्हाईक चटकन पैसे काढणार नाही. त्याचं अप्रूप पुण्या-मुंबईच्या माणसाला, आणि त्याहून जास्त शिकायला-नोकरीला बाहेर गेलेल्या सोलापूरकराला. तुमचं गिऱ्हाईक नव्या पेठेत चालत येणारच नाही, मग तिथलं भाडं कशासाठी? कुर्ती किंवा लहान मुलांचे कपडे असते तर मी वेगळं सांगितलं असतं. होम मैदानावर गड्ड्यात स्टॉल मिळाला तर बघा, तेवढं पुरे.

राज्याबाहेर माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणीतून सूट देणारी 40 लाखांच्या उलाढालीची मर्यादा विसरा, उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागते असं धरून चला. आणि नोंदणी असताना नोंदणी नसलेल्या मालकाचा गाळा घेतला, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्हीच भरायचा. पुढे तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून तो वळता मिळतो, पण आधी खिशातून रोख जातो. मालक तुम्हाला हे सांगणार नाही.

किंमत ठरवताना 2500 ची रेघ लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी, त्याहून महाग कपड्याला 18 टक्के. जॅकेटची मूळ किंमत 2500 धरली तर ते करासकट 2625 ला जाईल. तेच 2600 धरलंत तर गिऱ्हाइकाला 3068 पडतात. शंभर रुपयांसाठी एवढा फरक कुणी देणार नाही. एक तर रेघेच्या आत राहा, नाहीतर अस्तर, हातकाम असं काहीतरी घालून सरळ वरच्या किमतीला जा.

शिवण्याबद्दल. मशिन घेण्याआधी पहिला लॉट जॉबवर्कवर, म्हणजे बाहेरच्या कारागिरांकडून मजुरीवर शिवून, काढा. गणवेशाचा हंगाम जूनबरोबर ओसरतो, शहराच्या पूर्व भागात त्यानंतर हात मोकळे असलेले चांगले कारागीर सापडतात. एकाच मास्टरला सगळा लॉट देऊ नका. कटिंगच्या आधी चादर एकदा धुऊन वाळवा, नाहीतर आटण्याची तक्रार गिऱ्हाईक करेल आणि रंग सुटतो का तेही तेव्हाच कळेल. जकार्डची मोठी फुलं पुढच्या दोन्ही पल्ल्यांवर जुळवायची तर कापड जास्त जातं, ते किमतीत धरा. कापलेल्या कडा फार सुटतात, नुसत्या ओव्हरलॉकवर भागवू नका, पायपिंग करा. उरलेल्या तुकड्यांच्या झोळ्या करायचा तुमचा विचार मला आवडला. शिलाईचा हिशेब आठवड्याला चुकता करा. कारागिराचं घर आठवड्याच्या पगारावर चालतं, आणि दिवाळीत तो आधी कुणाचं काम उचलतो ते यावरच ठरतं.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) आहे, त्यामुळे लेबलवर ते नाव छापायच्या आधी मानांकनाची नोंद असलेल्या उत्पादकाकडूनच चादरी घ्या, बिलं जपून ठेवा आणि ट्रेडमार्कच्या वकिलाला विचारा. जॅकेटांसाठी तुमच्या ब्रँडचा ट्रेडमार्क अर्ज वर्ग 25 (कपडे) मध्ये जाईल, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन सरकारी फी 4500 आहे.

मी सीए नाही, बँकेतलीही नाही. वरचे दर आणि नियम बदलतात, सहीच्या आधी सीएकडून तपासून घ्या. सगळ्या शाखा सारख्या नसतात, आत्ता माझी सीसी जिथे आहे तिथले साहेब फोन करून कागद सांगतात.

या दिवाळीला तुमच्याकडच्या पैशात होतील तेवढीच जॅकेटं काढा, तीन साइज, दोन रंग. निम्मे पैसे आगाऊ घेऊन ओळखीपाळखीत बुकिंग करा. गाळेमालकाला आजच नाही कळवा, तोही दुसरं गिऱ्हाईक बघेल. सॅम्पल झालं की आतल्या बाजूचे फोटो टाका, खांद्याची आणि खिशाची शिवण दिसेल असे. जाड कापडात तिथेच सुई अडते, काय बदलायचं ते बघून सांगते.